मास मीडियाला शिकतेय, सिनेमा करायचाय: कॅमेरा घेऊ की कोर्स करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, मी सिन्नरहून नाशिकला अप-डाऊन करते. मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थिअरी भरपूर होते, पण वर्गाला कॅमेरा एकच आणि तोही कपाटात. घरचे साठ हजारांपर्यंत द्यायला तयार आहेत. कॅमेरा घेऊ की मुंबईला तीन महिन्यांचा कोर्स करू? आणि सुरुवात नेमकी कुठून करू?"

दोन्ही आत्ता नको. साठातले दहा-बारा हजार काढ, बाकीचे आईबाबांकडेच राहू देत.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं एडिटिंग करतेय. माहितीपट, सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या फिल्म, संस्थांची कामं, आणि हो, लग्नंसुद्धा. विद्यार्थ्यांचे प्रोजेक्टही दरवर्षी माझ्या टेबलावर येतात, बहुतेक सबमिशनच्या आदल्या रात्री. त्यामुळे मी जे सांगणार ते एडिटरच्या खुर्चीतून आहे, कॅमेरामन लोक वाद घालतील. माझं म्हणणं असं की सिनेमा एडिटिंगपासून शिकायला घे आणि तिथून मागे मागे शूटिंगकडे जा. बहुतेक जण आधी कॅमेरा घेतात, मग लेन्स, मग गिम्बल, आणि शेवटी कापायला बसले की कळतं, माणूस दारातून आत आला तो शॉटच घेतलेला नाही. हे एकदा टेबलावर स्वतः भोगलं की पुढच्या शूटला डोकं आपोआप चालतं. पुस्तकातल्या शॉटच्या व्याख्या तुला पाठ असतीलच, परीक्षेपुरत्या त्या असू देत.

पहिला अभ्यास मात्र कट न करण्याचा. सिनेमाची सुरुवात करणाऱ्या फ्रेंच लुमिए बंधूंच्या कॅमेऱ्यात फिल्मची एक गुंडाळी जेमतेम पन्नास सेकंद चालायची. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लोकांनी पहिल्यांदा सिनेमा पाहिला तो असल्याच छोट्या फिल्मांचा. तू तेच कर. फोन स्टँडवर लाव, रेकॉर्ड दाब, पन्नास सेकंद हात लावायचा नाही. झूम नाही, पॅन नाही, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायचा नाही. तू रोज एसटीने येतेस, म्हणजे लोकेशन फुकटात आहे. गाडी फलाटाला लागते, दाराशी झुंबड उडते, कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतं, आत गेल्यावर त्या रुमालावरून भांडण होतं. कॅमेरा कुठे ठेवला तर हे सगळं एकाच चौकटीत, एकामागून एक घडेल? दाराशी ठेवलास तर खिडकी जाते, खिडकीशी ठेवलास तर गर्दी जाते. तिरका, थोडा लांब, जरा उंचावर ठेवलास तर दोन्ही सापडतं, पण चेहरे लहान होतात. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, एवढ्यासाठीच हा उद्योग. आठ-दहा दिवस रोज एक घे. त्यातले दोन बरे निघतील.

मग एक क्रिया निवड. एक जागा, एक माणूस, एक काम, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, चार मिनिटांत. नाशिककराला फाळक्यांचं नाव सांगायला नको. त्र्यंबकचा जन्म आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याचं स्मारक शाळेच्या सहलीतच पाठ झालेलं असतं. पण १९१२मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं टिपत, कोंब फुटून वेल होईपर्यंतचा महिन्याभराचा प्रवास त्यांनी छोट्याशा फिल्ममध्ये बसवला, आणि ती दाखवून पुढच्या चित्रपटाला पैसे उभे केले. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर, ३ मे १९१३ला. कच्च्या फिल्मला रात्री जागून भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या, हेही लक्षात असू दे. 'माझ्याकडे टीम नाही' हे मी विद्यार्थ्यांकडून फार ऐकते.

एकदाच घडणाऱ्या गोष्टींच्या नादी सध्या लागू नकोस. रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले जुने हौद, उघडतात, सिंहस्थ येतोय, आणि नाशकातला प्रत्येक फोन तिकडेच वळणार. रहाडीत मारलेली उडी तुझ्यासाठी पुन्हा कुणी मारत नाही. हुकली की हुकली, आणि गर्दीत तुला दुसरा अँगलही मिळत नाही. शिकायला हवं ते पुन्हा पुन्हा होणारं काम.

माझी शिफारस तांब्याच्या भांड्यांची. जुन्या नाशकात तांबट लेनच्या आसपास चौकशी कर आणि अजून हाताने ठोकून भांडं घडवणारा कारागीर शोध. पहिल्या दिवशी फोन खिशातच ठेव, नुसती बस. काका एका हाताने भांडं फिरवतात, दुसऱ्या हाताने हातोडी पडते, ठोका पडला की भांडं बोटभर पुढे सरकतं, पुन्हा ठोका. ही लय तासन्तास तीच राहते, म्हणून हे एडिटिंग शिकायला सोन्यासारखं आहे: आत्ता घेतलेला लांबचा शॉट आणि अर्ध्या तासाने घेतलेला हाताचा क्लोजअप एकाच क्षणाचे म्हणून जोडता येतात. मठारकाम, म्हणजे भांड्याच्या अंगावर ठोक्यांची ती एकसारखी नक्षी उमटवणं, यासाठी फारच सोयीचं.

दुसऱ्या दिवशी शूट. आधी एक लांबचा, ज्यात दुकान, काका, रस्ता सगळं दिसेल. मग कमरेपासून वरचा. मग हात, हातोडी, भांड्याचा काठ, काकांचे डोळे, पायाने भांडं कसं दाबून धरलंय ते, मागच्या भिंतीवरची देवाची तसबीर, दारातून डोकावणारं गिऱ्हाईक. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद चालू दे. ठोका पडायच्या आधी सुरू कर आणि काम थांबल्यावरही दोन-तीन सेकंद थांब. विद्यार्थी नेमकं हेच करत नाहीत. हात पुढे आला की रेकॉर्ड दाबतात आणि ठोका पडला की बंद, मग मला कापायला जागाच उरत नाही. आणि काकांच्या एकाच बाजूला राहा. काका आणि भांडं यांच्यामधून एक रेघ गेलीय असं धर आणि ती ओलांडू नकोस. ओलांडलीस तर एका शॉटमध्ये हातोडी डावीकडून पडेल आणि पुढच्यात उजवीकडून, बघणाऱ्याला वाटेल दोन वेगळी माणसं आहेत. आकारही ठळकपणे बदल. कमरेपर्यंतच्या शॉटनंतर छातीपर्यंतचा जोडला तर चित्र नुसतं उडी मारल्यासारखं दिसतं; लांबच्यानंतर थेट बोटं जोड, कुणाला खटकत नाही.

आता आवाज. इथे मी थोडी जास्त बोलणार, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक प्रोजेक्ट चित्रावर मरत नाहीत, आवाजावर मरतात. फोन आवाजाची पातळी आपणहून वरखाली करतो. ठोका पडला की तो घाबरून पातळी खाली आणतो, दोन ठोक्यांच्या मध्ये पुन्हा वर चढवतो, आणि त्या फटीत पंख्याची घरघर फुगून येते. ठण्, घुर्र, ठण्, घुर्र. हे नंतर कुठल्याही फिल्टरने सुधारत नाही. त्यामुळे पातळी हाताने ठरवता येईल असं ॲप घे. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे, बऱ्याच फोनवर चालतं. ॲपमधल्या आवाजाच्या पट्टीवर (तिथे शून्य म्हणजे कमाल) सर्वांत मोठा ठोका उणे सहा-सात डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लाव आणि मग हात लावू नकोस. बोलण्यासाठी उणे बाराच्या आसपास. चित्राचा विचार न करता, फोन भांड्यापासून चार-पाच फुटांवर ठेवून, सलग दोन-तीन मिनिटं नुसते ठोके रेकॉर्ड कर. पुढे सगळी फिल्म याच सलग आवाजावर उभी राहणार आहे. शिवाय काम थांबलेलं असताना दुकानाची शांतता मिनिटभर घे. ती शांतता कधीच पूर्ण शांत नसते, रिक्षा असते, शेजारचा रेडिओ असतो, म्हणूनच ती लागते. मुलाखतीतलं एखादं वाक्य कापलं की तिथे पडणारं भोक याच आवाजाने बुजवायचं.

मुलाखत जेवणाच्या सुट्टीत घे. एरवी काका थांबले तरी शेजारची हातोडी थांबत नाही. कॉलरला लावायचा वायरवाला माइक हजाराच्या आसपास येतो, साठ हजारांतली पहिली खरेदी तीच. तो शर्टाच्या आत दडवू नकोस, कापडाची खसखस येते. वर दिसला तर दिसू दे.

आणि प्रश्न. इथे तू फिल्मच्या मुलांपेक्षा पुढे असायला हवीस, मुलाखत तुमच्या अभ्यासातच आहे. "किती वर्षं हे काम करताय?" विचारलंस तर "चाळीस वर्षं" एवढंच उत्तर येईल आणि ते एडिटरच्या काही कामाचं नाही. "भांडं बिघडतं ते नेमकं कुठे?" असं विचार. "हातोडी दुसऱ्या कुणाला देता का?" असं विचार. काकांना आधीच सांगून ठेव की माझा प्रश्न फिल्ममध्ये ऐकू येणार नाही, तेव्हा उत्तर पूर्ण वाक्यात द्या. उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, तीन सेकंद गप्प राहा. माणूस खरं बोलतो ते बऱ्याचदा त्या तीन सेकंदांनंतर.

उजेडाचं एक नाशिकमध्ये, खरं तर भारतभर, लागू पडणारं गणित. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. ते डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर, म्हणजे प्रत्येक चित्र टिपायला लागणारा सेकंदाचा भाग, १/६०वर असेल तर चित्रावर काळसर पट्टे सरकत राहतात. म्हणून शटर १/५० किंवा १/१०० आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं ते, २५. अमेरिकेतले यूट्यूबवाले ३०, १/६० सांगतात ते त्यांच्याकडच्या विजेला धरून, तिथली वीज साठ हर्ट्झची. एवढं करूनही एखादा स्वस्त एलईडी लुकलुकतोच, मग तो बंद करून दाराच्या उजेडात बसायचं. दारातून एका बाजूने येणारा उजेड तांब्यावर जो पडतो तसा आणायला मोठ्या सेटवर ट्रकभर दिवे लागतात, तेव्हा वरची ट्यूब बंद करायची परवानगी मागच. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) आणि एक्स्पोजर (उजेडाची पातळी) लॉक करून ठेव, नाहीतर काका वाकले की फोन सगळं चित्र उजळवून टाकेल. लेन्स पूस. हसू नकोस, अर्ध्या प्रोजेक्टांत बोटांचा तेलकटपणा दिसतो.

एडिटिंगला डाव्हिंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आयुष्यभर पुरेल, पण तिला लॅपटॉप बरा लागतो. आठ जीबी रॅमचा असेल तर रडेल. मग प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, कर, किंवा शॉटकट, केडेनलाइव्ह यांतलं काही वापर. तेही फुकट आहेत. एक अडचण सगळ्यांना येते: फोनचा फ्रेम रेट चालू शूटिंगमध्ये किंचित हलतो, आणि मोठ्या मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडतात. एडिटिंगला बसण्याआधी फाइल हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घे, भानगड मिटते.

आता काप. आधी मुलाखत पूर्ण लिहून काढ, हाताने. कंटाळा येतो, पण काकांचं कुठलं वाक्य जिवंत आहे ते लिहितानाच कळतं. त्यातून दीड मिनिटाचं बोलणं निवड आणि टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या जोडणीच्या पट्टीवर, टाक. खाली तो सलग ठोक्यांचा आवाज. वर चित्र. ठोक्याचा आवाज टाइमलाइनवर उंच काडीसारखा दिसतो. लांबच्या शॉटमधून क्लोजअपवर जायचं असेल तर त्या काडीच्या दोन-तीन फ्रेम आधी काप, म्हणजे हातोडी लांबच्या शॉटमध्ये खाली यायला लागते आणि आदळते क्लोजअपमध्ये. हालचालीत लपलेला कट कुणाला दिसत नाही. हाच कट ठोक्याच्या दहा फ्रेम नंतर करून बघ. का ते सांगता येणार नाही, पण अडखळल्यासारखं वाटेल. मग काकांचा आवाज त्यांच्या चेहऱ्याच्या आधी दोन सेकंद सुरू करून बघ, आपण हात बघतोय आणि कुणीतरी बोलायला लागलंय, मग चेहरा. आणि एका ठिकाणी आवाज पूर्ण काढून टाकून बघ. कुठे काढायचा ते तू ठरव, मी सांगत नाही.

पहिला कट नऊ-दहा मिनिटांचा होईल. तो चारावर आण. सर्वांत सुंदर शॉट हटकून जावा लागतो, कारण तो सुंदर असतो पण काही सांगत नाही. वर्गातल्या एका मुलीला दाखव, पण तिच्या तोंडाकडे बघत बस, ती कुठे मोबाइल उचलते ते लिहून ठेव. तिचं मत विचारू नकोस, "छान झालंय" एवढंच म्हणेल.

कथापट करायचाच असेल तर पुढच्या सेमिस्टरला. फक्त गजर वाजतो, पांघरुणातून हात येतो आणि गजर बंद करतो, अशी सुरुवात करू नकोस, हात जोडते. नट कॉलेजच्या नाटकवाल्यांत मिळतील, नाशिकला राज्य नाट्य स्पर्धेची सवय असलेली चांगली मुलं आहेत. त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची खोड असते, क्लोजअपमध्ये ती मोडावी लागते. कुलेशोव्हचा प्रयोग वर्गात झाला असेल: एकच निर्विकार चेहरा, शेजारी एकदा सूप, एकदा शवपेटी, आणि बघणाऱ्याला चेहऱ्यावर वेगळे भाव दिसतात. घरी आजीचा स्थिर चेहरा घेऊन करून बघ, अर्ध्या तासाचं काम आहे. मग अभिनयावर किती आणि कटवर किती सोडायचं याचा अंदाज येईल.

मोठ्या कॅमेऱ्यावर हात बसवायचा तर लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे जा. नाक मुरडू नकोस. बारा तास उभं राहून, दुसरी संधी नसताना, उजेड दर दहा मिनिटांनी बदलत असताना काम करणारी ही माणसं आहेत. सीझनला मदतनीस म्हणून राहा: बॅटऱ्या चार्ज करणं, कार्ड दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय फॉरमॅट न करणं, माइकचा सेल बदलणं. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा त्यांचे कॅमेरे कपाटात आणि ते स्वतः मोकळे. त्या दिवसांत कॅमेरा भाड्याने स्वस्तात मिळतो, आणि चहा पाजलास तर शिकवतातही.

काही रूक्ष गोष्टी. ज्याला शूट करशील त्याची लेखी संमती घे, लहान मूल असेल तर पालकांची. मंदिरात, पोलिसांच्या आवारात, कंपनीच्या गेटवर आधी विचार. ड्रोनचं नाव काढू नकोस. सिनेमातलं गाणं मागे लावू नकोस, महोत्सव विचारतात आणि गाण्याचे हक्क तुझ्याकडे नसतात. एखादा मित्र बासरी वाजवत असेल तर त्याच्याकडून वाजवून घे, आणि त्याचीही संमती लिहून घे. खरेदी म्हणशील तर माइक झाला, त्यानंतर भक्कम ट्रायपॉड आणि दोन हार्ड डिस्क. एवढ्यात दहा-बारा हजार संपतात. हार्ड डिस्क दोनच हव्यात, एक तुझ्याकडे आणि एक मैत्रिणीच्या घरी.

आता कोर्स. पदवी पूर्ण कर. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेचे मोठे अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत, प्रवेश परीक्षा असते. ही संस्था १९६०मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तिथे छोटे अभ्यासक्रमही असतात, वेबसाइटवर लक्ष ठेव, उरलेले पैसे अशा एखाद्याला लावायला मी आनंदाने सांगेन. पण त्याआधी हातात चार मिनिटांच्या दोन-तीन फिल्म असू देत, नाहीतर तिथे गेल्यावर काय विचारायचं तेच कळणार नाही.

मुंबईच्या तीन महिन्यांच्या कोर्सला जायचंच असेल तर फी भरण्याआधी फोन करून विचार: एका कॅमेऱ्यामागे किती मुलं? तीन महिन्यांत प्रत्येकाची स्वतःची किती मिनिटं पूर्ण होतात, ग्रुपची नाही, स्वतःची? एडिटिंग कोण शिकवतं, आणि मी केलेला कट ते माझ्याशेजारी बसून बघतात का? मागच्या बॅचच्या दोन फिल्म पाठवायला सांग, आणि त्या हेडफोन लावून ऐक. आवाज वाईट असेल तर तिकडे जाऊ नकोस.